फळीच्या टोकाचा खड्डा

आमच्या वर्कशॉपमधलं सगळ्यात जड यंत्र म्हणजे थिकनेस प्लेनर, आमच्या बोलण्यात थिकनेसर. काम साधं आहे. खडबडीत, कुठे जाड कुठे बारीक अशी फळी एका बाजूने आत सरकवायची. आत गोल फिरणारी पाती तिच्या वरचा थर काढतात आणि दुसऱ्या बाजूने फळी सगळीकडे एका जाडीची होऊन बाहेर येते. यावी, अशी अपेक्षा असते. ते यंत्र मी पहिल्यांदा लावलं तेव्हा जे झालं ते सांगते.

त्याआधी सतरा वर्षं मी अंधेरीला एका इंटिरियर डिझाइनच्या ऑफिसात ड्रॉइंग काढत होते. कागदावर ‘पंचवीस मिलीमीटर’ लिहिलं की माझं काम संपायचं. पंचवीस मिलीमीटरची फळी कोण, कशी, कुठे बनवतं हे मला बघावं लागत नव्हतं. बेचाळिसाव्या वर्षी ऑफिसने आमचा विभाग बंद केला. दुसरी नोकरी मिळाली असती, पण मन लागेना. दहिसरला चेकनाक्याच्या अलीकडे जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तळमजल्यावर एक गाळा भाड्याने घेतला आणि फर्निचर बनवायचं ठरवलं. आईने एकच प्रश्न विचारला, की करवत कोण चालवणार.

उत्तर एका हार्डवेअरच्या दुकानदाराने दिलं. त्याने एका मिस्त्रींचा नंबर दिला. मिस्त्री मालवणकडचे, साठीला टेकलेले, बुटके आणि रुंद. तीस वर्षं त्यांनी अंधेरीच्या स्टुडिओंमध्ये सिनेमाचे सेट उभारले होते. प्लायवुडचे राजवाडे, जिने, पोलीस चौक्या, कोर्टं. ते काम का सोडलं असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, गुडघे आता परातीवर चढत नाहीत. परात म्हणजे बांबूची परांची, हे मला नंतर कळलं. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते बोलणाऱ्याच्या उजवीकडे येऊन उभे राहत. मी त्यांना मिस्त्री म्हणायचे, ते मला मॅडम.

पहिलं मोठं काम माझ्या माहेरच्या वस्तीतूनच आलं. मुलुंडला आम्ही ज्या चाळीत वाढलो ती पाडून तिथे टॉवर झाला. चाळ पाडताना शेजारच्या बुद्धविहाराच्या कमिटीने तिच्या सागाच्या तुळया काढून घेतल्या आणि ताडपत्रीखाली ठेवून दिल्या. दोन-तीन वर्षं त्या तशाच पडून होत्या. विहारात अभ्यासिका आहे; दहावीला असताना मीही तिथेच अभ्यास केला, कारण घरात सहा माणसं आणि एक दिवा. तिथली पत्र्याची टेबलं आता गंजली होती. त्या तुळयांची टेबलं करून द्यायची, असं कमिटीने ठरवलं. सेक्रेटरी काका माझ्या वडिलांचे मित्र, अकोल्याकडून दोघं एकत्रच मुंबईला आलेले. वडील गेले, पण काकांचं आमच्याकडे येणंजाणं राहिलं. सॉ मिलमधून तुळया चिरून फळ्या आणल्या तेव्हा काका गाळ्यावर आले, फळ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘‘बघ गं, हे लाकूड परत मिळायचं नाही.’’

सात टेबलांना फळ्या जेमतेम पुरत होत्या. एकही जास्त नव्हती.

थिकनेसर मी घाटकोपरला बंद होत असलेल्या एका वर्कशॉपमधून घेतला. बिडाचा, माझ्यापेक्षा वयाने मोठा. त्याच्याबरोबर एकही कागद नव्हता. इंटरनेटवर तशाच एका यंत्राची माहितीपुस्तिका सापडली. दोन आठवडे मी ती वाचली, ढिगाने व्हिडिओ बघितले आणि एक वही भरली. टेम्पोतून उतरवल्यावर लोखंडी पाइपांवरून ढकलत त्याला गाळ्याच्या मधोमध आणलं. चारही पायांखाली पत्र्याचे तुकडे सारून, पाणसळ ठेवून सरळ केलं. हे सगळं मी केलं, याचा मला फार अभिमान होता. मिस्त्रींना मी टॉर्च धरायला सांगत होते, मधून मधून पाना मागत होते.

या यंत्रात लोखंडी टेबल असतं, त्यावरून फळी सरकते. वरच्या बाजूला दोन रोलर फळीला दाबून पुढे ओढतात आणि त्या दोघांच्या मध्ये पाती फिरतात. टेबलातही खालून दोन रोलर असतात. ते टेबलाच्या पातळीपेक्षा केसभर वर ठेवायचे असतात, म्हणजे फळी न घासता, न अडकता पुढे जाते. किती वर, यावर सगळं अवलंबून. खडबडीत लाकडाला थोडे जास्त वर घ्या, असं एका व्हिडिओत सांगितलं होतं. आमच्या फळ्या जुन्या आणि खडबडीत. मी चांगले अर्धा मिलीमीटरहून जास्त वर घेतले आणि बोल्ट आवळले.

पॅकिंगच्या खोक्याची एक फळी घालून बघितली. झकास निघाली. व्हर्नियरने मधोमध तीन ठिकाणी मापली, तिन्हीकडे एकच जाडी. मी फोटो काढून जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणींना पाठवला. मिस्त्रींनी ती फळी हातात घेतली, तिच्या टोकावरून अंगठा ओढला, पुन्हा एकदा ओढला आणि भिंतीला लावून ठेवली. मी विचारलं, बरी आलीय ना? ते म्हणाले, ‘‘बरी आसा.’’

त्यांनी अंगठा दोनदा ओढला हे मी बघितलं होतं. तरी मला काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सागाच्या फळ्या घेतल्या. आधी एकेका फळीतले खिळे शोधून काढले. दीडशे-दोनशे तरी निघाले असतील. मग मिस्त्री फळी आत द्यायला आणि मी पलीकडे घ्यायला. वरचा काळा, धुरकट थर निघाला की आतून मधासारखा रंग बाहेर यायचा आणि गाळाभर तेलकट वास पसरायचा. याच लाकडाखाली आपण झोपायचो, हे मला दर फळीला नव्याने वाटत होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या फळ्या चोवीस मिलीमीटरवर आल्या. प्रत्येक फळी मी मधोमध मापली आणि वहीत बरोबरची खूण केली.

दोन दिवसांनी टेबलांचे पृष्ठभाग चिकटवायला फळ्या शेजारी शेजारी मांडल्या आणि त्यांवर लोखंडी पट्टी आडवी ठेवली. मध्ये ठीक होतं. टोकाकडे पट्टीखालून उजेड दिसला. दुसरी फळी घेतली, तिच्यातही. मग मी गुडघ्यावर बसून एकेका फळीवर पट्टी ठेवत गेले. दोन्ही टोकांपासून चार-चार बोटांवर उथळ खड्डा. बघितलेल्यांतली एकही सुटली नव्हती. फळ्या मी नेमक्या लांबीच्या कापून घेतल्या होत्या, त्यामुळे टोकं कापून टाकायचीही सोय नव्हती. विसाव्या फळीनंतर मी बघायचं थांबवलं.

मी यंत्रावर चिडले. घाटकोपरवाल्याने भंगार गळ्यात मारलं, परत नेऊन टाकते, असं बरंच बोलले. मिस्त्री मोरीपाशी चहाचे ग्लास विसळत होते. ते ग्लास ठेवून आले आणि म्हणाले की मशीन चांगलं आहे. मग काय झालं, म्हणून मी विचारलं, तेव्हा त्यांनी टेबलातल्या खालच्या रोलरवर बोट ठेवलं. म्हणाले, हा वर आहे. फळीचं तोंड आत येतं तेव्हा ती एकाच रोलरवर असते. वरचा रोलर दाबतो, तोंड उचललं जातं आणि पात्यात जास्त घुसतं. दोन्ही रोलरवर आली की सरळ चालते. शेपटीला परत तसंच.

एवढं स्पष्ट मला कुठल्या व्हिडिओने सांगितलं नव्हतं. मी विचारलं, हे तुम्हाला आत्ता कळलं का?

‘‘माका पयल्याच दिवशी कळलां होतां,’’ ते म्हणाले. एरवी माझ्याशी ते मुंबईचं मराठी बोलत. मालवणी आली म्हणजे आतून आली.

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘तुम्ही मला टॉर्च धरायला सांगितलंत, मॅडम.’’

त्यात टोमणा नव्हता. त्यांनी झालं ते सांगितलं होतं. मग त्यांनी आपणहून पुढे सांगितलं. एकदा एका स्टुडिओत उंच चौथऱ्याचा सेट होता. खालचे टेकू कमी आहेत, एवढी माणसं वर चढली तर हे बसेल, असं त्यांनी सेटच्या साहेबांना सगळ्यांसमोर सांगितलं. साहेबांनी त्यांना तिथूनच घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी चौथरा एका बाजूने बसला. नशिबाने कुणाला फार लागलं नाही. मला वाटलं, मग त्यांना परत बोलावलं असेल. मिस्त्री म्हणाले, नाही, त्यानंतर वर्षभर त्या साहेबांच्या कुठल्याच सेटवर त्यांना काम मिळालं नाही. ‘‘चुकलो असतो तर माफ केलं असतं. बरोबर निघालो ना, त्याचा राग.’’

मी उठून शटरच्या पायरीवर जाऊन बसले. समोर टेम्पो लागला होता आणि शेजारच्या गाळ्यातली माणसं त्यात पुठ्ठ्याची खोकी भरत होती. मला माझ्या ऑफिसातलं एक स्वयंपाकघर आठवलं. त्यातल्या कपाटाचं दार खांबावर आपटणार हे मला ड्रॉइंगमध्ये दिसलं होतं आणि मी गप्प राहिले होते, कारण आदल्याच आठवड्यात एका मीटिंगमध्ये तोंड उघडल्यावर साहेबांनी मला, विचारलं तर बोल, असं ऐकवलं होतं. दार खांबावर आपटलं. तेव्हा मला थोडा आनंदही झाला होता, हे खरं सांगायला हवं. मला गप्प बसवणारी माणसं मला एकेक आठवतात. मी कुणाला गप्प बसवते आहे, हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यासाठी ओरडावं लागत नाही. मी मिस्त्रींना एकही वाकडा शब्द बोलले नव्हते. त्यांच्या हातात फक्त टॉर्च दिला होता.

आधी काकांना फोन केला. तो फोन मला जड गेला. काय झालं ते सगळं सांगितलं, चूक माझी आहे हेही सांगितलं. त्यांनी विचारलं, किती जाईल? म्हटलं, सगळ्या फळ्या आणखी दोन मिलीमीटर खाली घ्याव्या लागतील, आणि ज्यांचे खड्डे जास्त खोल आहेत अशा दोन-तीन टेबलाला चालणार नाहीत. टेबल उभं राहील ना, असं त्यांनी विचारलं. राहील म्हटलं. ‘‘मग कर,’’ ते म्हणाले, ‘‘आणि फोन करून सांगितलंस ते बरं केलंस.’’ त्यांनी मला रागावायला हवं होतं असं मला तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिस्त्रींना म्हटलं, आज तुम्ही लावा, टॉर्च मी धरते. ते म्हणाले, टॉर्च कशाला, दिवसाउजेडी करू, शटर पूर्ण वर करा. मग मेन स्विच बंद करून त्यांनी फ्यूज काढले आणि शर्टाच्या खिशात टाकले. पात्यांपाशी कुणाचे तरी हात असताना फ्यूज आपल्या खिशात असले पाहिजेत, एवढा एकच नियम त्यांनी मला सांगितला. तो मी आजही पाळते.

पहिल्यांदा त्यांनी सगळं पुसून काढलं. मी ज्याला स्वच्छ समजत होते त्या टेबलावर जुन्या चिकाचे थर होते. केरोसीनच्या फडक्याने ते निघाले. मग त्यांनी शिसवीचा एक लहान ठोकळा चारही बाजूंनी सारखा करून घेतला. तो टेबलावर डाव्या टोकाला ठेवायचा, पाती हाताने हळू फिरवायची आणि चाक फिरवून टेबल वर आणत जायचं. पातं ठोकळ्याला जेमतेम शिवलं की थांबायचं. मग चाकाला हात न लावता ठोकळा उजव्या टोकाला. दोन्हीकडे पातं तेवढंच शिवलं, तर टेबल पात्याला समांतर. मिस्त्री उजवा कान जवळ नेऊन ऐकत होते. डावीकडे बारीक खस्स आवाज आला. उजवीकडे काहीच नाही.

म्हणजे टेबल उजवीकडे उतरलेलं होतं. पाणसळीने मी अख्खं यंत्र जमिनीला सरळ केलं होतं, पण टेबल पात्याला सरळ आहे का, हे बघितलंच नव्हतं. उजवीकडे मी पत्र्याच्या पातळ पट्ट्या सारून फट मोजली. वर्तमानपत्राचे तीन कागद जातील एवढी. ते फटीवर बोट ठेवून म्हणाले, तीनच. त्यांनी बोटाने सांगितलं आणि मी मापाने, उत्तर एकच आलं. टेबलाखालच्या मळसूत्रांचे नट सैल करून, कणाकणाने फिरवून, परत ठोकळा ठेवून बघायला दुपार झाली. दर वेळी नट आवळला की माप किंचित हलायचं, मग परत पहिल्यापासून. मधे जेवलो. मग तिन्ही पाती सैल करून, त्याच ठोकळ्याला सारखी शिवतील अशी बसवली. पात्यांचे बोल्ट त्यांनी आवळले, मग मला आवळायला लावले, मग स्वतः परत बघितले.

खालचे रोलर मात्र त्यांनी पूर्ण खाली नेले, टेबलाच्या पातळीच्याही आत. नकोच ती भानगड, म्हणाले. मला ते पटलं नव्हतं आणि आता गप्प बसायचं नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून मी बोलले की खडबडीत फळी अडकेल. ते म्हणाले, नाही अडकणार. फ्यूज लावून फळी घातली. हातभर गेली आणि थांबली. पाती एकाच जागी घासत राहिली, जळका वास आला आणि त्यांनी पटकन स्विच मारला. नशिबाने ती खोक्याचीच फळी होती.

त्यांनी फ्यूज परत खिशात टाकले आणि जरा वेळ रोलरकडे बघत राहिले. ‘‘किती वर घेऊ म्हणता?’’ त्यांनी विचारलं.

कागदाची एक घडी, मी म्हटलं. म्हणजे मिलीमीटरचा दहावा हिस्सा, फार तर थोडा जास्त. त्यांनी टेबलावर पट्टी ठेवून, खाली कागद सारून रोलर तेवढेच वर घेतले. वर टेबलाला मेणबत्ती घासली, हे त्यांच्या पदरचं. फळी सरळ निघाली. मी पट्टी घेऊन मधोमध ठेवायला गेले तर त्यांनी माझा हात धरून टोकाकडे नेला. अंगठा ओढून बघितला. काही लागलं नाही. लांब फळी निम्मी बाहेर आली की तिचं टोक स्वतःच्या वजनाने खाली झुकतं, म्हणून ते किंचित उचलून धरायचं, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितलं. माझ्या सगळ्या फळ्या मी पहिल्या दिवशी झुकू दिल्या होत्या.

सागाच्या फळ्या परत काढायला दीड दिवस लागला. बावीस मिलीमीटरवर खड्डे गेले. तीन फळ्यांचे तेवढ्यानेही गेले नाहीत, त्या बाद झाल्या, त्यामुळे सातऐवजी सहा टेबलं झाली, आणि उरलेल्या तुकड्यांतून भिंतीवरची पुस्तकांची दोन फडताळं. सातवं टेबल झालं नाही याचं मला आजही वाईट वाटतं. एका टेबलाला चार मुलं बसतात.

टेबलं विहारात पोचवायला मिस्त्री बरोबर आले. त्यांनी प्रत्येक टेबल कोपऱ्यांवर दाबून बघितलं, डुगडुगतं का म्हणून. एका पायाखाली पाचर लागली, ती त्यांनी तिथेच छिलली. आई आली होती. ती एका टेबलापाशी बसली, लाकडातल्या एका जुन्या खिळ्याच्या भोकात बोट घातलं आणि म्हणाली की पाळणा टांगायची तुळई हीच असेल. कुठली होती ते कुणालाच सांगता आलं नसतं, पण कुणी तसं म्हटलं नाही. काका मिस्त्रींशी बराच वेळ बोलत होते. परतताना रिक्षात मिस्त्री म्हणाले की तीस वर्षांत त्यांनी केलेली एकही वस्तू आज कुठे उभी नाही, सगळं तोडण्यासाठीच केलेलं. मग त्यांनी बाहेर बघून हायवेच्या ट्रॅफिकला शिव्या घातल्या.

त्याला आता पाच वर्षं झाली. पाती धार लावून आली की ती बसवायचं काम अजून आम्ही दोघं मिळून करतो. मिस्त्री आता सगळ्यावर बोलतात. माझ्या ड्रॉइंगवर, गिऱ्हाइकांवर, मी चहात आलं किती घालते त्यावरही. काही वेळा मला ते नकोसं होतं, आणि काही वेळा ते चुकलेलेही असतात. भुसा ओढणारं यंत्र आणायचं ठरलं तेव्हा दोन महिने आमचा वाद चालला होता. त्यांचं म्हणणं, झाडू असताना हे कशाला. शेवटी मी ते आणलं. गेल्या सोमवारी मी गाळ्यावर पोचले तर ते त्या यंत्राचा पाइप थिकनेसरला जोडत होते. मला बघून म्हणाले की याचा आवाज फार आहे, आणि स्विच चालू केला.